विहिरीचे तीन रिकामे दिवस

मंडळी, आज दुपारची माझी चूक सांगतो. रिहे आणि माण या गावांतल्या दोन विहिरींच्या पाणीपातळीच्या मॅट्रिक्स, म्हणजे रोजच्या आकड्यांचे तक्ते, शेजारी शेजारी जोडायच्या होत्या. दिवसाला एक ओळ; रिहेच्या तीस ओळी, माणच्या सत्तावीस. प्रोग्राम काही केल्या जोडेना. मी राहिलेल्या तीन तारखांना शून्य टाकलं आणि मोकळा झालो.

माणची विहीर माझ्या घरमालकीण काकूच रोज मोजतात. त्यांना कौतुकानं आलेख दाखवला.

"आमची इहीर कवा आटली रं? तीन दिस मी दवाखान्यात व्हते. मोजलं न्हाई म्हंजी पाणी नव्हतं व्हय?"

शून्यं पुसली, जागा रिकाम्या ठेवल्या.

पण काकू तीन दिवस घरात नव्हत्या, हे वरच्याच खोलीत राहून मला आज कळलं. तुमच्या शेजारचं कोण हल्ली दिसलेलं नाही?