मोर कुणाला भुलत नाही

आमच्या शाळेच्या गॅदरिंगला हलत्या चित्रांचा पडदा लावायला कवठे महांकाळहून दरवर्षी तोच एक पडदेवाला येतो. माइकवर कुणी गायलं-बोललं की मशीन ते ऐकतं आणि पडद्यावरचा मोर पिसारा फुलवतो. "आधी मशीनला गोंगाट शिकवायचा, मंग मोर त्याला भुलत न्हाई," म्हणत तो आधी जनरेटर चालू करून माइकला दोन मिनिटं ऐकवतो. तेवढ्यात जे ऐकू येईल, ते मशीन गोंगाटात धरतं आणि पुढं मोर त्याला हलत नाही.

मागं एका वर्षी त्यानं संस्थेच्या अध्यक्षांनाही तेव्हाच माइकपाशी बसवलं. "आवं, जरा बोलत ऱ्हावा की!" अध्यक्ष खुशीत बोलत राहिले.

कार्यक्रमात पोरी गायल्या, मोर नाचला. अध्यक्षांचं भाषण अर्धा तास चाललं, मोर ढिम्म.

"बिघडलं काय रं?" अध्यक्षांनी खाली उतरून विचारलं.

"मशीनला काय कळतंय, सायेब!" तो गरीब चेहऱ्यानं म्हणाला.

तेव्हापासून तो माइक लावत असला की मी तोंड उघडत नाही.