पलीकडची खुर्ची

“आ कर. अजून. अगं, आ म्हणजे आ!”

माझ्या तोंडात आरसा घालून डॉक्टर मदतीच्या बाईला म्हणाला, “ह्यांच्यात मिसरी लावतात ना, त्याचा हा वास.” बाई फिदीफिदी हसली. मी जल्मात कधी मिसरीला बोट लावलं न्हाई. पण तोंडात आरसा, चिमटा, कापूस. बोलणार कशानं? डोळ्यातून पाणी आलं तर म्हणाला, “एवढं काही दुखत नाही.”

नांदेडातला दातांचा दवाखाना. मी एकोणीस वर्षांची. हदगावहून एस्टीनं यायची, मायसंग. माय शाळेत खिचडी शिजवती. माझे दात पुढं, म्हणून वर्गातल्या पोरी मला ‘किसणी’ म्हणायच्या. मायनंच हट्ट धरला, पोरीला तारा लावायच्याच.

पहिल्या दिवशी डॉक्टरनं आडनाव विचारलं. सांगितलं. मग म्हणाला, “हदगावात कुठं? गावात, की पलीकडं?”

आमच्याकडं पलीकडं म्हणजे काय, हे लहान लेकरू बी सांगतं. ओढ्याच्या पल्याड, निळा झेंडा, विहार, आमची घरं. मी म्हणलं, “पलीकडं.”

“मग पलीकडच्या खुर्चीवर बस.” आणि हसला. विनोद केला म्हणं त्यानं!

दोन खुर्च्या, मधी पार्टिशन. अलीकडं तो स्वतः काम करायचा. पलीकडं बाईच माझी तार आवळायची. तो महिन्यातून एकदा डोकावायचा, एकावर एक दोन हातमोजे चढवून. अलीकडं एकच जोड लागायचा त्याला. मायला तर आत येऊच द्यायचे न्हाईत. ती बाहेर बाकड्यावर, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली.

आठ महिने असे गेले. ब्रश केला की बेसिन लाल. हिरड्यांतून रक्त तारा लावायच्या आधीपासनंच येत होतं, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “नीट घासत जा,” एवढंच उत्तर. मग समोरचा एक दात बाकीच्यांपेक्षा लांब दिसाय लागला. जिभेनं ढकलला की हलायचा. भाकरीचा तुकडा तोडता येईना. बाईला सांगितलं, तर म्हणाली, “तारा लावल्यावर दात हलतातच.” हलतात, खरं हाय. थोडे. पण हा आठवड्याआठवड्याला जास्तच ढिला होऊन राहिला होता. मला लई भ्याव वाटायचं. आरशात बघायचंच सोडून दिलं मी.

आणि एक दिवस अलीकडच्या खुर्चीवर नवी पोरगी आली. चांगल्या घरातली. तिची आई तिच्या शेजारी, आत बसलेली. डॉक्टरचा आवाज लोण्यावाणी.

“हे बघ बेटा, हा तुझा एक्स-रे. तारा लावायच्या आधी हिरड्या तपासायच्या. रक्त येत असेल तर आधी ते बरं करायचं, मगच तारा. नाहीतर आतलं हाड झिजतं, दात सैल होऊन पडूही शकतो. काहीही वाटलं तर विचारायचं. हक्क आहे तुझा.”

हक्क!

पार्टिशनच्या ह्या अंगाला मी आ करून पडलेली. म्हणजे ह्याला सगळं ठाऊक होतं. माझा बी फोटो त्यानं पहिल्या दिवशी काढला होता, त्यात हाड दिसलंच असंल. मला दाखवला न्हाई. सांगितलं न्हाई. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

बाईनं पक्कड उचलली. मी तोंड मिटलं.

“आ कर.”

न्हाई.

“अगं, वेळ नाही मला!”

मी उठले. कापूस थुंकला. पार्टिशन ओलांडून अलीकडं गेले.

“माझा फोटो दाखवा.”

“तुला काय समजणार त्यातलं?”

“हिला समजला, मला बी समजंल. दाखवा.”

“तुम्हा लोकांना जरा हात लावला की डोक्यावर बसता.”

“डोक्यावर बसाय न्हाई आले, डॉक्टर. माझा दात हालून राहिला.”

ती आई पोरीला म्हणाली, “तिकडं बघू नको.” डॉक्टरनं फोटो दाखवला न्हाई. मी बाहेर येऊन मायचा हात धरला आणि निघाले.

दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईनं मायला माझ्याजवळ बसवलं, नवा फोटो काढला, त्यावर बोट ठेवून दाखवलं. दाताभोवतीचं हाड निम्म्याच्या वर झिजून गेलेलं. तारा काढल्या, हिरड्यांवर इलाज केला. समोरचा दात वाचला न्हाई. काढलेला दात मायनं तळहातावर घेतला आणि रडली. “मीच नेलं गं तुला.” तिचं काय चुकलं होतं? मला माझाच राग आला, आठ महिने त्यांचं ऐकून घेतल्याचा.

जुन्या दवाखान्यात माझ्या पहिल्या फोटोची फाइल मागाय दोनदा गेले. एकदा “डॉक्टर नाहीत”, एकदा “सापडत नाही”. आता लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय. सोमवारी परत चालले. फाइल हातात पडेस्तोवर तिथून उठणार न्हाई, आणि ती घेऊन तक्रार करणारच. तोवर जी नवी पोरगी दारातून आत येईल तिला ओठ वर करून ही रिकामी जागा दाखवणार आणि विचारणार, तुझ्या हिरडीतून रक्त येतं का? तुझा फोटो तू बघितलास का?

हाकलू द्या. मी मोठ्यानं विचारणार हाय.