आबा बसल्याशिवाय चालत नाही

घरात एखादं मशीन बंद पडलं की नुसतं मशीन बंद पडत नाही, घरातली सगळी तोंडं सुरू होतात! मग किस्से इतके साठतात की ऐकायला पाहुणे कमी पडावेत. ओझरजवळ आमचं घरगुती कृषी पर्यटन आहे. घरापुढं एकरभर लॉन, मागं टोमॅटो आणि कांदा. गणपतीचं दर्शन घेऊन लोक मुक्कामाला येतात आणि नाष्ट्याला बसले की मला हमखास विचारतात, "ताई, गवत कापायच्या गाडीवर बसलेले ते आजोबा कोण?"

ते माझे सासरे, आबा. वय अठ्ठ्याहत्तर. आता ऐकाच.

*

पहिली गाडी जुनी होती. एक रिसॉर्ट बंद पडलं, तिथनं आमच्या ह्यांनी उचलून आणली. बसून चालवायची, लाल रंगाची. आबा तेव्हा पोट धरून हसले होते. "गवत कापाया गाडी? आन् उद्या दूध काढाया विमान आणा!"

त्याच वर्षी आबांनी ट्रॅक्टर थेट कांदा साठवायच्या बराखीत घातला. लागलं कुणाला नाही, पण ह्यांनी ट्रॅक्टरची चावी काढून घेतली आणि पाठोपाठ मोटरसायकलचीही. आबा आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत, ताटात अन्न तसंच राहायचं. मला फार वाईट वाटायचं.

नवव्या दिवशी सकाळी बघते तर स्वारी गवताच्या गाडीवर! डोक्याला टोपी, गळ्यात उपरणं. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी हाक मारली, "आबा, कुठं निघाला?"

"कुठं न्हाई राव, हितंच! पर गाडीवर!"

त्या दुपारी त्यांनी मागून भाकरी घेतली.

*

एकदा पुण्याचे एक साहेब मुलाला घेऊन आले. म्हणाले, "आजोबा, ह्याला एक राउंड द्या ना."

"त्यो काय जत्रंतला पाळणा हाय? आधी गोठ्यातलं श्याण काढा, मंग बसवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगं अंथरुणात आणि साहेब स्वतः पाटी घेऊन गोठ्यात उभे! दोन राउंड मारून गेले गडी.

*

यंदा ऐन उन्हाळ्यात गाडीचं इंजिन बसलं. मेकॅनिकनं हात जोडले. सुट्टीची बुकिंगं तोंडावर, लॉन वाढायला लागलेलं. मग घरात मीटिंग भरली, पुण्याहून धाकटे दीर संदीप भावजी व्हिडिओ कॉलवर.

हे म्हणाले, "हातानं धरायचं ग्रास कटर घेऊ आणि एक गडी लावू."

भावजी म्हणाले, "गडी कशाला? रोबो घ्या. आपला आपण फिरतो, आपला आपण चार्ज होतो. माणूसच नको!"

आबा कोपऱ्यात बसले होते. म्हणाले, "मंग मी काय करू?"

"आबा, तुम्ही आता आराम करा."

"आराम कराया मी काय आजारी हाय व्हय?"

आबा उठून गोठ्यात गेले. मी त्याच क्षणी मनात ठरवून टाकलं की गाडी येणार तर बसून चालवायचीच.

*

तरी भावजी मित्राचा रोबो दोन दिवस वापरायला घेऊन आलेच. आबांनी त्याचं नाव ठेवलं कासव. खुर्ची टाकून दिवसभर त्याच्यावर नजर. कासव तुळशीवृंदावनापाशी जायचं आणि माघारी वळायचं. आबा म्हणाले, "माणूस तुळशीला फेरा घालतो, हे त्वांड फिरवून जातंय. घरात ठिवायच्या लायकीचं न्हाई!"

दुसऱ्या दिवशी मी लॉनच्या कडेला जुन्या साडीवर कुरडया घातल्या होत्या. कासवानं साडीचा पदर धरला आणि कुरडयांसकट गरागरा फिरायला लागलं! मी लाटणं घेऊन मागं. तेवढ्यात पुण्याला परतलेल्या भावजींचा फोन, "वहिनी, मोबाईलवर मेसेज आलाय. अडथळा आहे म्हणतंय."

माझ्या कुरडया अडथळा! मी म्हटलं, "भावजी, संध्याकाळच्या आत तुमचं कासव घेऊन जा, नाहीतर ह्याला विहिरीत सोडते." निमूट घेऊन गेले.

*

मग आम्ही तिघं नारायणगावच्या दुकानात गेलो. शेठनं कॅटलॉग पुढं केला. आबांनी तो बाजूला सारला. "बैल काय फोटो बघून घेत्यात? भाईर काढा."

नवी गाडी बाहेर आली. आबांनी तिला दोन फेऱ्या मारल्या, टायर दाबले, बॉनेटवर थाप दिली. "काय खोडबीड हाय का?" शेठ हसून म्हणाले, "नाय आबा, गरीब हाय. चालवणार कोण?"

ह्यांनी पटकन सांगितलं, "गडी ठेवणार आहोत आम्ही."

आबांचा हात बॉनेटवरनं खाली आला. ते पाठ फिरवून चालायला लागले. मला असा राग आला! पण मी काही बोलायच्या आत शेठच म्हणाले, "वहिनी, सेफ्टी लई भारी. सीटवरनं माणूस उठला की इंजिन बंद."

आबा थांबले. "म्हंजी वर माणूस नसला तर चालतच न्हाई?"

"अजिबात न्हाई."

"बाळू," आबा ह्यांना म्हणाले, "हिला माणूस लागतो. हीच घ्यायची."

हे तोंड उघडत होते, पण मी शेठला म्हटलं, "पोहोचवा घरी." बुकिंगं मी बघते, लॉन माझं!

ह्यांनी अट घातली, आधी आबांचा मोतीबिंदू काढायचा. आबा लगेच तयार. येताना जीपमध्ये हे माझ्या कानात म्हणाले, "ऑपरेशन झालं की पंधरा दिवस ते पुण्याला संदीपकडे राहतील, तेवढ्यात गड्याला शिकवून टाकतो. मग आबांना गाडीवरून उतरवायला सोपं." मी नुसतं डोळे वटारून बघितलं. मागच्या सीटवर आबा खिडकीबाहेर बघत होते.

*

गाडी घरी आली. आठवड्यानं आबा ऑपरेशनला गेले आणि दुसऱ्याच दिवशी नवी कोरी गाडी चालू होईना! गडी बसला, नाही. हे बसले, नाही. वजन कमी पडत असेल म्हणून ह्यांनी मांडीवर कांद्याची गोणी घेतली, तरी ढिम्म! शेठ म्हणाले, "सीझन हाय, माणूस पंधरा दिवसांनी पाठवतो." गवत घोट्याच्या वर गेलं. चार दिवस बघून गडी टोमॅटो तोडायला निघून गेला.

पंधराव्या दिवशी आबा काळा चष्मा लावून उतरले. घरात न येता सरळ गाडीकडे. सीट उचलून खाली हात घातला, "थांब बाय, आलो म्या." वर बसले, चावी फिरवली आणि गाडी धडाडली!

"जनावर मालक वळखतं, बाळू!" म्हणत ते लॉनवर निघालेसुद्धा.

हे कपाळाला हात लावून माझ्याकडे आले. "मंगल, तुला काही कळलं का गं?"

मी म्हटलं, "मला बाईला मशीनमधलं काय कळतंय?"

आबा पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांची बंडी धुवायला घेतली, तेव्हा खिशात नखाएवढा फ्यूज सापडला होता. मी बंडी धुतली, वाळवली, घडी घातली आणि फ्यूज परत त्याच खिशात ठेवून त्यांच्या पिशवीत भरली.