काळीज सशाचं

दक्षिण अलाबामातल्या बेकर्स फेरी गावात रॉयस टिलरी शाळेची बस चालवायचा. बायको गेल्यापासून त्याचे दोनच नाद उरले होते. रविवारी चर्चमध्ये गाणं, आणि बाकीचा आठवडाभर अमेरिकन फुटबॉल. तरुणपणी तो शाळेच्या संघात कॉर्नरबॅक होता. म्हणजे कडेला एकट्याने उभं राहायचं, समोरून पळत येणाऱ्या गड्याच्या हाती चेंडू लागू द्यायचा नाही, आणि लागलाच तर अंगावर जाऊन त्याला आडवं करायचं. रॉयस त्यात बेताचाच होता. पण आपली पारख पक्की आहे असं तो मानायचा, आणि तसं मानणारे आणखीही होते.

ते सगळे इंटरनेटवर होते. राज्याच्या विद्यापीठाच्या संघाचे चाहते तिथल्या एका कट्ट्यावर जमायचे आणि कुठल्या शाळेतला कुठला पोरगा विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊन उचलावा यावरून हमरीतुमरीवर यायचे. त्यात दंतवैद्य होते, निवृत्त पोलीस होते, एक पाद्रीही होता. तिथे रॉयसचं नाव होतं ‘जुना कॉर्नर’. गावात त्याला बसच्या वेळेपलीकडे कोणी काही विचारत नसे. कट्ट्यावर मात्र लोक त्याच्या शब्दासाठी थांबायचे.

त्या हंगामात चर्चा बेकर्स फेरीच्याच पोराची निघाली. केड्रिक सम्लिन, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. लांबसडक हात, हरणाचे पाय, आणि चेंडू हवेत असतानाच तो कुठे उतरणार हे हेरणारी नजर. विद्यापीठाचे प्रशिक्षक येऊन बघून गेले होते, पण शब्द दिला नव्हता. केड्रिकची आई लवोनिया शाळेच्या स्वयंपाकघरात होती आणि चर्चमध्ये रॉयसच्याच बाकावर बसायची. पोराला पहिलीपासून रॉयसनेच बसमधून नेलं-आणलं होतं.

त्याने आधी कट्ट्यावर केड्रिकचं भरभरून कौतुक लिहिलं. त्यावर मोबाइल नावाच्या शहराकडच्या कोणीतरी टोमणा मारला, ‘आपल्या गावचं गाढवही घोडाच दिसतं.’ त्यावर बरेच जण हसले. रॉयसला ते झोंबलं. आपण गावाकडे बघून नाही, खेळाकडे बघून बोलतो हे त्याला दाखवून द्यायचं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी, मुलांना शाळेत सोडल्यावर, रिकाम्या बसमध्ये बसून त्याने फोनवर लिहिलं, ‘पाय सोन्याचे, पण काळीज सशाचं. दांडगा गडी अंगावर आला की हा त्याचा सदरा धरतो, अंग घालत नाही. लहानपणी मोठ्या मुलांना भिऊन रोज बसमध्ये चालकाच्या मागच्या सीटवर रडत बसायचा. स्वभाव बदलत नसतो.’

ते वाचून लोक खूश झाले. पारख म्हणावी तर अशी, असं दंतवैद्याने लिहिलं. रॉयस दिवसभर शीळ घालत होता.

आठवडाभरात ‘ससा’ हे नाव कट्ट्यावरून बाहेर पडलं आणि शाळाशाळांतून फिरलं. पुढच्या शुक्रवारी सामना परगावी होता. संघाची बस रॉयसच चालवत होता. मैदानावर पोचल्यावर त्याने पाहिलं, समोरच्या बाकड्यांवरची पोरं-पोरी डोक्यावर दोन बोटं धरून नाचवत होती. कोणीतरी गाजरं आणली होती. केड्रिक कडेला येऊन उभा राहिला की एखादं त्याच्या पायाशी येऊन पडायचं. तो ते उचलून रेषेबाहेर ठेवायचा आणि पुन्हा जागेवर यायचा. रॉयस कुंपणाला टेकून बघत होता. बस बघून येतो असं कोणीही न विचारता सांगून तो निघाला, पण फाटकापर्यंत जाऊन परतला.

तिसऱ्या डावात समोरच्या संघाचा सगळ्यात दांडगा गडी चेंडू काखेत मारून कडेने सुटला. केड्रिकने या वेळी सदरा धरला नाही. मान खाली घातली आणि डोकं पुढे करून तो सरळ त्याच्या मांडीवर आदळला. गडी पडला. केड्रिकही पडला, आणि उठला नाही.

जीव वाचला, पायही वाचले. पण मानेतून उजव्या हाताकडे जाणाऱ्या नसा दुखावल्या होत्या. हात खांद्याच्या वर जाईना. आता खेळ विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. विद्यापीठाचे फोन थांबले. कट्ट्यावर कोणीतरी लिहिलं की बरं झालं, आपण याला घेतलं नाही. आणि दुसऱ्याने लिहिलं, ‘जुन्या कॉर्नरने आधीच सांगितलं होतं.’ त्याखाली शाबासकीची रांग लागली होती. रॉयसने फोन पालथा ठेवला.

चर्चची माणसं आळीपाळीने जेवण पोचवत होती. रॉयसची पाळी आली तेव्हा तो तळलेले मासे घेऊन गेला. लवोनियाने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. केड्रिक पडला त्या दिवशी दवाखान्यापर्यंत तो बस घेऊन मागोमाग आला होता, हे ती विसरली नव्हती. ती गार चहात बर्फ घालायला आत गेली. केड्रिक मानेला पट्टा लावून आरामखुर्चीत बसला होता.

“ती सीटची गोष्ट फक्त तुम्हालाच माहीत होती, मिस्टर रॉयस,” तो हळूच म्हणाला.

रॉयस स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागला.

“पहिलं वर्षभर भ्यायचो, खरंय. नंतर नाही. नंतर मला तिथे बसायला आवडायचं म्हणून बसायचो.” आतून भांड्यांचा आवाज आला तसा तो थांबला. “आईला सांगू नका. तिला तुमच्याबद्दल चांगलं वाटतं.”

रॉयसने मान डोलावली. चहाचा पेला अर्धा टाकून तो उठला. पोराने सांगितलं म्हणून आपण गप्प आहोत, असं तो स्वतःला सांगत राहिला. पण गप्प राहायला मिळाल्याचं हायसं वाटलं होतं, हेही त्याला कळत होतं. रविवारी लवोनिया त्याच्यासाठी बाकावर जागा धरून ठेवायची आणि तो तिथे जाऊन बसायचा. त्याच्या गळ्यातून सूर निघेनासा झाला. सर्दी झाली आहे, असं तो सांगायचा.

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी त्याला ते असह्य झालं. शाळेच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी जाऊन त्याने लवोनियाला सगळं सांगितलं, टोमण्यापासून शाबासकीपर्यंत. ती मक्याच्या पावाचे तुकडे करत होती. तिचा हात थांबला नाही.

“केड्रिकला माहीत आहे?”

“हो.”

“आणि मला सांगू नका म्हणाला असेल. माझं पोर आहे ते.”

“हो.”

“मग आज कोणासाठी सांगितलंत, ब्रदर टिलरी? माझ्यासाठी तर नक्की नाही.”

तिने पावाचा पुढचा तवा ओढला. तो बसकडे परत गेला.

त्याच दिवशी त्याने कट्ट्यावर खऱ्या नावाने सगळं लिहून टाकलं. दोघातिघांनी शिव्या घातल्या. बाकीचे म्हणाले, मनाला लावून घेऊ नकोस, खेळ आहे. संध्याकाळपर्यंत ते जॉर्जियातल्या दुसऱ्या एका पोराच्या उंचीवरून भांडत होते.

वसंतात शाळा संपल्याच्या समारंभाला केड्रिक लांब झगा घालून मंचावर गेला आणि त्याने डाव्या हाताने प्रमाणपत्र घेतलं. पुढे तो जवळच्या कॉलेजात क्ष-किरण काढायचं शिकायला लागला. रॉयस सकाळ-संध्याकाळची बस चालवतो; शुक्रवारची संघाची बस त्याने दुसऱ्याला देऊन टाकली.

लवोनियाने बाक बदलला नाही. उपासना संपली की सगळ्यांनी शेजाऱ्याचा हात हातात घेऊन आशीर्वाद द्यायचा, अशी त्या चर्चची रीत आहे. ती त्याच्याकडे वळते, हात हातात घेते, ठरलेले शब्द स्पष्ट उच्चारते. रॉयस तेवढा वेळ तिच्या बुटांकडे बघत असतो.