दर बारीला उरणारा एक

मला उत्तर ठाऊक होतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मी माझीच बाजू घेत बसेन.

तेव्हा निजामाचा अंमल. बीडकडच्या एका तालुक्याच्या गावी मी मिडलच्या पोरांना गणित शिकवत होतो. पुस्तक उर्दू, पोरं मराठी, आणि मधे मी. रोज घसा बसायचा. त्या दिवशी दोनाचं वर्गमूळ चाललं होतं. एक दशांशचिन्ह चार एक चार लिहा, पुढचं सोडून द्या, म्हणालो.

तेवढ्यात गवंड्याचा पोरगा उठला. परळीच्या वाटेवरच्या खेड्यातून रोज चालत यायचा आणि शंका विचारून जीव नकोसा करायचा. म्हणाला, माझा बा पाच हाताच्या चौकोनी खोलीचा पाया आखताना या कोनातून त्या कोनात सात हात धरतो, वर दोन बोटं सोडतो. मग खरं माप कुणाचं, बाचं का पुस्तकाचं?

दोन्ही अंदाजच, खरं माप कुठल्याच अपूर्णांकात बसत नाही, एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण माझं डोकं फिरलेलं. म्हणालो, "ज्याचा वर्ग बरोबर दोन येईल असा अपूर्णांक शोधून आण. तोवर वर्गात पाय ठेवू नकोस." पोरं फिदीफिदी हसली. मलाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. बापानं कामाला लावला असेल, असं धरून मी हजेरीत रेघा मारत गेलो. खोटं कशाला बोलू, वर्ग शांत झाला म्हणून हायसंच वाटलं. महिना उलटला तसं त्याचं नाव कमी केलं.

त्यानंतर एका दुपारी तो पाटी घेऊन दारात उभा. उंबऱ्याच्या बाहेर. पाटीवर सात भागिले पाच, सतरा भागिले बारा, एक्केचाळीस भागिले एकोणतीस, नव्व्याण्णव भागिले सत्तर. प्रत्येक अपूर्णांक आधीच्याहून जवळचा. हे त्याला कुणी शिकवलं होतं? मी तर नाही.

नव्व्याण्णवचा वर्ग नऊ हजार आठशे एक, सत्तरच्या वर्गाची दुप्पट नऊ हजार आठशे, असं त्यानं मला बोट ठेवून दाखवलं. "दर बारीला एक उरतोय, मास्तर. कवा एक कमी, कवा एक जास्त."

तो एक जन्मभर उरणार होता. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण अख्खा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मी तुला फसवलं हे काही माझ्या तोंडून निघेना. झालं की, चालतंय, ये आत, म्हणालो.

"न्हाई मास्तर. तुमी बरोबर दोन म्हनला व्हता." आणि तो गेला.

जुम्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या सुट्टीला मी त्याचं गाव गाठलं. रात्रभर झोप नव्हती, खरं सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. बाप भिंतीवर काम करत होता, पोरगा खाली चुना कालवत होता. मी तोंड उघडायच्या आत बाप उतरला आणि हात जोडून उभा राहिला.

"लई डोकं फोडलं त्यानं, मास्तर. न्हाई आलं उत्तर. तुमी रागावू नगा, त्याचं डोकंच तेवढं हाय."

पोरानं मान वर केली नाही. आणि मी, मेल्यानं, "असू दे" म्हणालो आणि त्याला माफ करून परत आलो.