सही कुणाची

गर्भपाताची केस असली की महादेवी सिस्टर त्या दिवशी डबा उघडत नसत. भाकरी आणि शेंगाचटणी तशीच घरी परत जायची. सोलापुरातल्या त्या दवाखान्यात मी नवी डॉक्टर होते. वाटलं, पोट बिघडलं असेल. विचारलं तर गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून म्हणाल्या, “जीव असतोय मॅडम तो. मला न्हाय पटत.”

“मग ड्युटी बदलून घ्या की.”

“आन् हितं कुणाला उभी करू? त्या बायांना टोमणे मारणारीला?”

कामात मात्र त्यांची कसूर नसे. सोबत आलेली सासू कितीही तालेवार असो, सिस्टर तिला बाहेर बसवत, दार लावून घेत आणि बाईला एकटीला विचारत, “तुज्या मनात काय हाय ते सांग. बाहेरच्यांचं मी बघती.”

आमच्याकडे एक वाईट खोड होती. नंतर कटकट नको म्हणून नवऱ्याची सही घ्यायची. मीही डोळे झाकून तेच करत होते. एकदा करकंबची एक बाई आली. दिवस जाऊन दोन महिने झालेले, धाकटं अजून अंगावर पीत होतं, आणि मागच्या बाळंतपणात रक्त जाऊन ती जेमतेम वाचली होती. नवरा सही द्यायला तयार नव्हता. “त्याला घेऊन ये,” म्हणून मी तिला वाटेला लावलं.

सिस्टरांना हे कळलं, तशा त्या रिक्षा करून थेट स्टँडवर गेल्या आणि तिला एसटीतून उतरवून घेऊन आल्या.

“गावात कोन तर गोळ्या देतंय, तिकडं निघालती ही. सज्ञान बाई हाय, मॅडम. कायद्यात नवऱ्याची सही कुटं लिवलीया, दावा मला.”

कुठेच लिहिलेली नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून आमच्याकडे ती सही बंद झाली. सिस्टर गेल्या वर्षी वारल्या, पण नव्या डॉक्टरांना मी आजही आधी हेच सांगते.

मला त्या आठवतात त्या दुसऱ्या दिवशीच्या. सगळं नीट पार पडलं होतं. करकंबच्या त्या बाईने त्यांचा हात धरून विचारलं, “सिस्टर, मला पाप लागंल का ओ?”

सिस्टर खोटं बोलत नसत. त्या तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

“लागलंच, तर निम्मं माजं,” त्या म्हणाल्या. “च्या पी आधी.”