भोंगाअप्पांची साक्ष

भोंगाअप्पा ऑटोत माईक धरून बसले की गावातल्या बाया हातातलं काम टाकून दारात यायच्या. मराठी, कन्नड, दख्खनी अशा तिन्ही भाषांत ते उमेदवाराचं नाव आणि चिन्ह सांगत. गावात भोंग्याचा ऑटो एकच, त्यामुळे सगळ्यांचा प्रचार त्यांच्याकडेच. पण 'माणूस भला हाय' हे वाक्य ते फार थोड्यांसाठी म्हणत, आणि मतं त्यावर फिरत.

तसं म्हणण्याआधी ते न सांगता उमेदवाराच्या घरी जात. ऐन जेवणाच्या वेळी ओट्यावर टेकून पाणी मागत आणि घरातलं बोलणं ऐकत. "भाषणात समदेच ग्वाड बोलत्यात. घरात कसं बोलायलाय ते बघावं," म्हणत.

मी ग्रामपंचायतीला उभी राहिले तेव्हा आमच्याकडेही आले. माझं नशीब असं, की नेमकी तेव्हाच मी सासूबाईंवर खेकसत होते. अप्पा पाणी पिऊन निघून गेले. माझ्या प्रचारात नाव आलं, चिन्ह आलं, ते वाक्य काही आलं नाही. माझ्याविरुद्ध उभ्या असलेल्या सुमनअक्कासाठी मात्र तिन्ही भाषांत आलं. मी पडले. रागारागाने विचारलं, "अप्पा, कामून न्हाई म्हणलात? मी काय वाईट हाय?"

"वाईट न्हाईस गं. पर मी ऐकलं ते कसं इसरू?"

सुमनअक्का खरंच भली होती. तिला कुणालाच नाही म्हणता येईना, ठेकेदारालाही. नळाची पाइपलाइन अर्धी टाकून तो पसार झाला आणि अप्पांच्या बौद्धवाड्यात पाणी पोचलंच नाही. अप्पा घागर घेऊन आमच्या बोअरवर येऊ लागले. एकदा म्हणाले, "बाई भलीच हाय ती. मी खोटं बोललो न्हाई. मग नळ कामून कोरडा? तुझ्यावानी वरडणारी पाहिजे व्हती काय? मला तर काईच कळंना झालंय."

हसावं की रडावं, मलाही समजेना. मी त्यांची घागर भरून दिली.

गेल्या उन्हाळ्यात अप्पा गेले. शेवटच्या भेटीत म्हणाले, "पुन्हा उभी ऱ्हा. ह्या टायमाला बोलतो तुझ्यासाठी." काय बोलणार, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता उभी राहिलेय. सासूबाईंवर आवाज अजूनही चढतो, मग नजर ओट्याकडे जाते आणि मी ओशाळते. परवा बीदरहून रेकॉर्डिंगवाला आला. "अक्का, नावाम्होरं काय लावू? सुशील? चारित्र्यवान?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "वरडणारी हाय म्हणून लाव. नळ तरी येतील."

मला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. एवढं घरातलं बोलणं ऐकायला अप्पा ओट्यावर हवे होते. ऐकून ते काय म्हणाले असते, ते मात्र मला अजून कळत नाही.